सहा वर्षं जुनं पिवळं नख आणि राहून गेलेली टेस्ट

पत्र (जरा काटछाट करून देतेय):

"डॉक्टर, वय 47. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख सहा वर्षांपासून पिवळं पडलंय, जाड झालंय, खालून भुसा निघतो. एका कडेने पिवळा पट्टा पार मुळाच्या दिशेने गेलाय. आता शेजारच्या बोटाचं नखही त्याच वाटेवर आहे. आत्तापर्यंत नखावर लावायचं लॅकर तीन महिने लावलं, टी ट्री ऑइल लावलं, व्हिनेगरच्या पाण्यात पाय बुडवून बसले. एका डॉक्टरांनी टर्बिनाफिनच्या (फंगसवरच्या) गोळ्या दिल्या, महिनाभर घेतल्या, नख तसंच दिसलं म्हणून सोडल्या. नंतर परत एकदा महिनाभर घेतल्या, परत सोडल्या, त्यालाही आता दीड वर्ष झालं. मी रोज पळायला जाते. कोलेस्ट्रॉलची आणि ॲसिडिटीची गोळी चालू आहे, डायबेटिस नाही. टाचा कायम कोरड्या, पांढरट असतात पण ते वयाने असेल. कुणी म्हणतं लेझर कर, कुणी म्हणतं नखच काढून टाक, नवरा म्हणतो दुखत नाही तर सोडून दे. गोळ्यांनी लिव्हर खराब होतं का? आणि तोवर नेलपॉलिश लावलं तर चालेल का? – नखाला वैतागलेली"

वैतागलेल्या ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचताना मुद्दाम एकच गोष्ट शोधत होते आणि ती काही सापडली नाही. सहा वर्षांत त्या बिचाऱ्या नखावर लॅकर झालं, तेल झालं, व्हिनेगर झालं, पोटातून गोळ्या झाल्या, पण कुणी त्या नखाचा तुकडा घेऊन लॅबला पाठवलाय असं कुठेच लिहिलेलं नाही. म्हणजे हे फंगस आहे हे सगळ्यांनी नुसतं बघून ठरवलं, तुम्ही पण ठरवलं, आणि कदाचित बरोबरच ठरवलं असेल, पण "कदाचित" वर तीन महिने गोळ्या खायच्या नसतात.

तुम्हाला वाटेल डॉक्टर लोकांना टेस्टा सांगायची सवयच असते. तसं नाहीये हो. फंगस असेल असा संशय घेऊन जे लोक येतात त्यातल्या जवळपास निम्म्यांना फंगस नसतंच! अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजीने 2013 मध्ये डॉक्टरांसाठी "हे करू नका" अशी एक यादी काढली होती, त्यात स्पष्ट म्हटलंय की नखात फंगस आहे हे टेस्टने पक्कं झाल्याशिवाय पोटातून गोळ्या देऊ नका. मी स्वतः प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात हा शहाणपणा करून बसलेय, एका पळणाऱ्या माणसाला नख बघून लगेच गोळ्या लिहून दिल्या, त्याने इमानदारीत तीन महिने घेतल्या, नखात काडीचा फरक नाही, शेवटी टेस्ट केली तर फंगसचा पत्ताच नाही, शूज अर्ध्या नंबरने लहान होते एवढीच भानगड. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे.

आणि तुम्ही पण पळता, म्हणून हा मुद्दा आधी घेते. पळताना, विशेषतः उतारावर, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट (ज्यांचं ते बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं त्यांचं तर हमखास) शूजच्या पुढच्या भिंतीवर आपटत राहतं. एकेका वेळी काहीच कळत नाही पण हजारो वेळा आपटल्यावर नख जाड होतं, पिवळट होतं, खालच्या कातडीपासून सुटायला लागतं, कधी खाली रक्त साकळून काळं दिसतं. हुबेहूब फंगससारखं! मी सुद्धा नुसत्या डोळ्यांनी दर वेळी ओळखू शकत नाही. त्यात गंमत अशी की मार लागून सुटलेल्या नखाखाली फंगसला घर करायला मस्त ओलसर जागा मिळते, म्हणजे दोन्ही एकत्र असू शकतात, आणि मग फंगस मारलं तरी नख पूर्ण सरळ होत नाही कारण आपटणं चालूच असतं.

दुसरा नकल्या म्हणजे सोरायसिस, खपल्या धरणारा त्वचेचा आजार. त्यातही नख जाड होतं, सुटतं, खाली भुसा साठतो. फरक म्हणजे बहुतेकदा हातांच्या नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतात, नखाखाली तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळा-लालसर डाग दिसतो, डोक्यात हट्टी जाड कोंडा असतो किंवा कोपर-गुडघ्यांवर खपल्या असतात. तर आज रात्री चांगल्या उजेडात हातांची दहाही नखं नीट बघा आणि घरात कुणाला सोरायसिस आहे का ते आठवा. आणखीही आहेत, लायकेन प्लॅनस नावाच्या त्वचारोगात नख पातळ होऊन उभ्या रेघा पडतात, हिरवट नख असेल तर तो सहसा एका बॅक्टेरियाचा प्रताप असतो, आणि वय वाढलं की नखं अशीच थोडी जाड होतात. एकच गोष्ट मात्र थट्टेवारी नेऊ नका: एकाच नखात तपकिरी-काळा उभा पट्टा नव्याने आला, रुंद होत चालला किंवा तो रंग नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला तर फंगस-बिंगस विसरून ताबडतोब दाखवायचं, कारण नखाखाली मेलॅनोमा नावाचा कॅन्सर होऊ शकतो. तुमचा पट्टा पिवळा आहे, त्यामुळे घाबरू नका, हे वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिलं.

एवढं सगळं म्हटलं तरी पैज लावायची वेळ आली तर मी तुमच्या बाबतीत फंगसवरच लावेन. आणि कशावरून, तर ज्या वाक्यापुढे तुम्ही "ते वयाने असेल" असं लिहून मोकळ्या झालात त्यावरून. टाचा कायम कोरड्या, पांढरट. बऱ्याच वेळा ही नुसती कोरडी त्वचा नसते, तळपायाचं फंगस असतं. ते बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांसारखं ओलं, खाजरं, वास मारणारं नसतं म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही, तळव्यावर आणि पायाच्या कडांवर पीठ भुरभुरल्यासारखा कोरडा थर असतो, रेघांमध्ये जास्त पांढरा दिसतो, कितीही क्रीम चोपडा दोन दिवसांनी परत तसंच. नखातल्या फंगसमागे सगळ्यात जास्त वेळा जो सापडतो तो ट्रायकोफायटॉन रुब्रम, आणि तळव्यावर हा कोरडा थर करणारा पण बहुतेकदा तोच. तळव्यावर आधी येतो, मग नखाच्या पुढच्या टोकाखालून किंवा कडेने आत शिरतो आणि हळूहळू मुळाकडे सरकतो. तुमच्या नखाचं वर्णन अगदी असंच आहे. आता मला सांगा, सहा वर्षं नखावर मारा चालू आणि तळवा तसाच, तर काय होणार? गळकं छप्पर तसंच ठेवून फरशी पुसत बसल्यासारखं आहे ते.

हाताचे तळवे पण बघा बरं का. दोन्ही पाय आणि एकच हात असा कोरडा, खवलेदार असेल तर फंगसचा संशय आणखी बळावतो, ही त्याची जुनी खोड आहे, का कोण जाणे एकच हात धरतो.

आता टेस्टबद्दल नीट वाचा, कारण टेस्ट केली पण सॅम्पलच चुकीचं घेतलं तर रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि आपण परत भलत्याच वाटेला लागतो. जायच्या आधी निदान दोन आठवडे नखावर काहीही औषध लावायचं नाही, लॅकर नाही, तेल नाही, नेलपॉलिश तर नाहीच. गोळ्यांचा असर नखात कितीतरी महिने राहतो पण तुम्हाला सोडून दीड वर्ष झालंय त्यामुळे ती अडचण नाही. आणि स्वच्छ दिसावं म्हणून नखं कापून जाऊ नका, तेच तर आम्हाला हवं असतं! टोकाचा जो भुसभुशीत भाग असतो त्यात बहुतेक मेलेला कचरा आणि बाहेरचे जंतू असतात, जिवंत फंगस असतं ते पुढे सरकणाऱ्या सीमेवर, म्हणजे खराब आणि चांगल्या नखाच्या हद्दीजवळ. म्हणून आधी स्पिरिटने पुसून, सुटलेलं नख मागपर्यंत कापून, तिथला खालचा भुसा खरवडून घ्यायचा असतो. भरपूर घ्यावा लागतो. चिमूटभर पावडर डबीत टाकून दिली की लॅबवाले तरी काय करणार. तळव्याचा पण थोडा कोरडा थर सोबत खरवडून द्यायला सांगा.

त्यावर सगळ्यात साधी टेस्ट म्हणजे केओएच, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात नखाचा भुसा विरघळवून मायक्रोस्कोपखाली बघतात, फंगसचे धागे तसेच राहतात ते दिसतात. लवकर होते, पण कोणतं फंगस आणि जिवंत आहे का मेलेलं ते सांगत नाही, आणि बघणाऱ्याच्या नजरेवर बरंच काही असतं. कल्चरमध्ये ते वाढवून नाव कळतं पण त्याला चार आठवडे लागू शकतात आणि फंगस असूनही बऱ्याच वेळा काही उगवतच नाही. तिसरी मला स्वतःला आवडणारी, कापलेल्या नखाचा तुकडाच पॅथॉलॉजीला पाठवायचा आणि पीएएस नावाचा रंग लावून बघायचा, फंगसच्या भिंती गडद गुलाबी दिसतात, आणि फंगस सुटून जाण्याचं प्रमाण यात सगळ्यात कमी. काही ठिकाणी पीसीआर, म्हणजे फंगसचा डीएनए शोधणारी टेस्ट होते, ती लवकर नाव सांगते. मी सहसा पीएएस आणि कल्चर दोन्ही करते, एकाने आहे का नाही ते कळतं, दुसऱ्याने कोण आहे ते.

आणि निगेटिव्ह आला म्हणून लगेच नाचायचं नाही. तुमच्यासारखं चित्र असेल आणि पहिला रिपोर्ट निगेटिव्ह असेल तर मी एकदा परत सॅम्पल घेते. उलट कल्चरमध्ये ॲस्परजिलस, फ्युझेरियम, स्कोप्युलॅरिऑप्सिस अशी नावं आली तर तेही एका रिपोर्टवर मानायचं नाही, ही मंडळी हवेत-मातीत असतातच, सहज सॅम्पलमध्ये येऊन बसतात, परत परत तीच सापडली तर खरी. कँडिडा (यीस्ट प्रकारचं फंगस) आलं तर औषध बदलतं. नाव कळणं का महत्त्वाचं ते इथे कळेल: टर्बिनाफिन हे ट्रायकोफायटॉन घराण्यावर भारी आहे, कँडिडावर तितकंसं नाही. शिवाय हल्ली टर्बिनाफिनला दाद न देणारे ट्रायकोफायटॉनही सापडतायत, फंगसच्या ज्या एन्झाइमवर हे औषध काम करतं त्याच्याच जीनमध्ये बदल झालेला असतो, मग कितीही डोस घ्या. तीन महिने पूर्ण आणि नीट घेऊनही काहीच हललं नाही तर मी हा विचार करते.

पण तुमच्या बाबतीत तो विचार करायची वेळच आलेली नाही कारण तुम्ही कोर्स पूर्ण केलाच नाहीत. रागावू नका, तुम्हाला कुणी सांगितलं नसणार. पायाचं नख महिन्याला साधारण 1 ते 1.5 मिलिमीटर वाढतं. बस्स! हाताचं त्याच्या दुप्पट, 3 मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे हाताचं नख पूर्ण नवं यायला सहा महिने आणि पायाच्या अंगठ्याचं यायला वर्ष ते दीड वर्ष. जे खराब झालंय ते नख मेलेलंच आहे, औषध ते दुरुस्त करत नाही, औषध फक्त मुळातून येणाऱ्या नव्या नखात भरून ते स्वच्छ ठेवतं, आणि जुनं पुढे ढकललं जाऊन आपण कापून टाकायचं असतं. महिनाभर गोळ्या घेतल्यावर तुम्ही नखाकडे बघितलंत तेव्हा मुळाशी जेमतेम दीड मिलिमीटर नवं नख आलं असेल, ते पण बऱ्यापैकी कातडीखाली लपलेलं, त्यामुळे तुम्हाला "काहीच फरक नाही" वाटणं अगदी साहजिक आहे. कदाचित दोन्ही वेळा औषध लागू पडायला लागलं होतं आणि दोन्ही वेळा तुम्ही तेव्हाच सोडलंत.

पायाच्या नखासाठी टर्बिनाफिनचा नेहमीचा कोर्स रोज 250 मिलिग्रॅम, 12 आठवडे. हाताला 6. बारा आठवडे संपतात त्या दिवशीसुद्धा नख वाईटच दिसतं हे आत्ताच मनाशी पक्कं करा, औषध नखात पुढे कित्येक महिने टिकून राहतं आणि काम चालू ठेवतं, खरा निकाल नऊ महिन्यांनी, वर्षाने बघायचा. तोवर धीर टिकावा म्हणून एक सोपी युक्ती सांगते, गोळी सुरू कराल त्या दिवशी जिथे चांगलं नख संपून खराब सुरू होतं त्या हद्दीवर नेलफाइलने हलकी आडवी खूण करा (तुमच्या त्या पट्ट्याच्या भागात हद्द मुळाच्या जवळ असेल, तिथे वेगळी करा) आणि दर महिन्याला त्याच अंतरावरून फोटो काढा. खूण पुढे सरकतेय आणि तिच्या मागे चांगलं नख येतंय म्हणजे जमलं. खराबपणा खुणेला ओलांडून मागे आला तर मला किंवा तुमच्या डॉक्टरांना दाखवा. रोज रोज बघायचं नाही, रोज बघणाऱ्याला काही दिसत नाही.

आता तो पिवळा पट्टा. तो मला जरा खटकतोय. नखाखाली कधी कधी फंगसचा घट्ट गोळा, गठ्ठाच तयार होतो, बाहेरून तो पिवळा-पांढरा पट्टा किंवा ठिपका दिसतो, आणि त्यात औषध शिरतच नाही, गोळी कितीही चांगली असो. लोक गोळ्या पूर्ण घेऊनही बरे होत नाहीत त्याचं हे एक मोठं कारण आहे आणि ते बघितलंच जात नाही. अशा वेळी त्या भागावरचं नख कापून, खरवडून तो गठ्ठा मोकळा करावा लागतो. डॉक्टर क्लिपरने किंवा घासायच्या छोट्या मशीनने करतात, फार जाड असेल तर 40 टक्के युरियाचं मलम लावून, वर पट्टी बांधून, काही दिवसांत नख मऊ करून मग काढतात, दुखत नाही. नख काढून टाक म्हणणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन, इतपत काढा. पूर्ण नख उपटणं हा इलाज नाहीये, मुळातलं आणि तळव्यावरचं फंगस राहतंच, महिनाभर लंगडायचं आणि नवीन नख परत पिवळं, वर कधी कधी वाकडं पण.

लिव्हर. हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि विचारायलाच हवा. टर्बिनाफिनने लिव्हरला गंभीर त्रास होऊ शकतो हे खरं, आणि तो फार क्वचित होतो हे पण तितकंच खरं. लिव्हरचा आजार आधीपासून असेल तर आम्ही देत नाही. बाकीच्यांना सुरू करायच्या आधी लिव्हरची रक्ततपासणी, मध्ये परत करायची का ते तुमचं वय, बाकीची औषधं, दारू वगैरे बघून डॉक्टर ठरवतात. गोळ्या चालू असताना भूक मेली, सारखं मळमळतंय, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगावर पुरळ आलं, तर गोळी लगेच बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. जिभेची चव जाणं हा एक विचित्र साइड इफेक्ट आहे, बहुतेकांची परत येते पण वेळ लागतो, तसं वाटलं तरी थांबवून फोन करायचा.

गोळीला दुसरा पर्याय इट्राकोनॅझोल, ते रोजही देतात किंवा महिन्यातला एक आठवडा दिवसाला दोनदा 200 मिलिग्रॅम असंही, पायासाठी असे तीन महिने. पण तुमच्यासाठी ते जरा अवघड गणित आहे. कोलेस्ट्रॉलच्या काही गोळ्यांशी त्याचं अजिबात जमत नाही, स्नायूंना इजा होऊ शकते, आणि ॲसिडिटीच्या गोळीने त्याची कॅप्सूल पोटात नीट शोषलीच जात नाही. हार्ट फेल्युअर असणाऱ्यांना तर ते नखासाठी द्यायचंच नसतं. टर्बिनाफिनचंही काही डिप्रेशनच्या आणि बीपीच्या गोळ्यांशी वाकडं आहे, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊनच डॉक्टरकडे जा, तोंडी "ती छोटी पांढरी" असं सांगू नका प्लीज. आणि कुणी केटोकोनॅझोलच्या गोळ्या सुचवल्या तर हात जोडा, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) 2013 मध्येच लिव्हरच्या धोक्यामुळे नखाच्या फंगससाठी त्या वापरू नका म्हणून सांगितलंय.

आता खोटी आशा नको म्हणून आकडे सांगते. टर्बिनाफिनच्या ज्या अभ्यासावर ते मंजूर झालं त्यात 12 आठवडे गोळ्या घेतलेल्यांपैकी सुमारे 70 टक्के लोकांच्या नखातून फंगस गेलं होतं, पण फंगस गेलं आणि नखही पूर्ण स्वच्छ झालं असे 38 टक्केच, साधारण वर्षाच्या टप्प्यावर मोजलेले. म्हणजे फंगस हरलं तरी नख आरशासारखं होईलच असं नाही, त्यात सहा वर्षं आणि रोजचं पळणं. लॅकरची कथा अजून बारीक, सायक्लोपिरॉक्स लॅकर रोज 48 आठवडे लावून पूर्ण बरे झालेले 10 टक्क्यांच्याही आत, एफिनाकोनॅझोलचे थेंब त्याहून बरे, 15 ते 18 टक्के. तुमच्या तीन महिन्यांच्या लॅकरने काय होणार होतं ते तुम्हीच बघा. निव्वळ लॅकर मी तेव्हाच देते जेव्हा नखाचा थोडाच, पुढचा भाग खराब असतो आणि मूळ स्वच्छ असतं, किंवा गोळ्या देताच येत नाहीत, जसं गरोदरपणात तर गोळ्या नकोच, नख थांबू शकतं. गोळीच्या जोडीला लॅकर मात्र लावते, नख घासून पातळ केल्यावर.

लेझरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. एफडीएने या मशीन्सना मान्यता दिली आहे ती "स्वच्छ नखात तात्पुरती वाढ" एवढ्यासाठीच, बरं करण्यासाठी नाही. तो "तात्पुरती" शब्द जाहिरातीत सापडत नाही. टी ट्री आणि व्हिनेगर सोडून द्या, नखातून आतपर्यंत पोचायची त्यांची ताकद नाही, आणि व्हिनेगरने तुमच्या टाचा अजून कोरड्या केल्या असतील तर नवल नाही.

तळपायाला मात्र आजपासून नाही, सॅम्पल दिल्यावर, अँटिफंगल क्रीम सुरू करायचं, दोन्ही पायांना, बेचक्यांसकट, पायाच्या कडांपर्यंत, डॉक्टर सांगतील तितके आठवडे. थर जाड असेल तर रात्री युरियाचं क्रीम. स्टेरॉइड मिसळलेलं तीन-चार औषधांचं एकत्र क्रीम कुणी दिलं तर घेऊ नका, खाज दोन दिवसांत थांबते आणि फंगस आतल्या आत पसरतं. नख बरं झाल्यावरही आठवड्यातून एक-दोनदा पायांना क्रीम किंवा पावडर चालू ठेवा कारण हे परत येणाऱ्यांचं प्रमाण भरपूर आहे. सॉक्स रोज बदला, 60 डिग्रीच्या गरम पाण्यात धुवा, पळायचे दोन जोड ठेवून आलटून पालटून वाळू द्या, सहा वर्षं जुना जो जोड असेल त्याला निरोप द्या. नवा घेताना संध्याकाळी, पाय सुजलेले असताना घ्या आणि सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवा. नेलकटर स्वतःचा वेगळा, खराब नखाचा आणि चांगल्या नखांचा पण वेगळा. आणि नवऱ्याचे पाय बघा! खरंच बघा, त्यांचे तळवे पांढरट असतील तर तुम्ही एकट्याने औषध घेऊन ते फंगस घरातच राहणार.

तसं नवऱ्याचं "सोडून दे" हे म्हणणं अगदीच चूक नाहीये हं. दुखत नसेल, डायबेटिस नसेल, प्रतिकारशक्ती चांगली असेल तर काही न करणं हाही एक रास्त निर्णय आहे, आणि गोळ्या घेऊ न शकणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या पेशंटना मी नख पातळ करून नीट कापायलाच शिकवते. डायबेटिसवाल्यांचं वेगळं, त्यांना जाड नखाखाली जखम झालेली कळत नाही, त्यातून पाय चिघळतो, त्यांनी सोडून द्यायचं नाही. आणि नखाचा पांढरेपणा टोकाकडून न येता थेट मुळापासून सुरू झाला असेल तर प्रतिकारशक्तीची तपासणी करावी लागते. तुमचं दुसऱ्या नखात पसरतंय, तळवाही बहुतेक त्यातच आहे, म्हणून माझं मत करून टाका असं आहे, पण रिपोर्ट हातात आल्यावर.

राहता राहिलं नेलपॉलिश. सॅम्पल देईपर्यंत नाही, ते वर आलंच. त्यानंतर एखाद्या कार्यक्रमाला लावलंत तर आकाश कोसळत नाही, दुसऱ्या दिवशी काढून टाका आणि लॅकर चालू असेल तर त्याच्यावर थर देऊ नका. बाटली मात्र त्या दोन नखांसाठी वेगळी ठेवा, तोच ब्रश बाकीच्या आठ नखांवर फिरवू नका, घरात दुसऱ्या कुणालाही तीच बाटली देऊ नका, आणि महिन्याचा फोटो काढायच्या दिवशी नख उघडं हवं.